ओसाकाला एक पूर्ण दिवस द्यावा आणि दाशीबद्दल खरे सांगावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत नुकताच जपानच्या सहलीविषयी एक लेख आला. त्यात तोक्यो आणि क्योतोला भरपूर जागा दिली आहे, ते योग्यच आहे. ओसाकाचा उल्लेख मात्र ‘दोतोनबोरीला संध्याकाळी तासभर थांबून फोटो काढावेत’ एवढ्यावर आटोपला असून, ‘नूडल्स आणि भात सगळीकडे मिळतात, काळजी नसावी’ असा दिलासा शाकाहारी प्रवाशांना दिला आहे. पहिला सल्ला मानला तर वाचकांचे एक मोठे शहर पाहायचे राहून जाईल; दुसरा मानला तर एखाद्याचे आयुष्यभर पाळलेले व्रत त्याच्या नकळत मोडेल. हे दुसरे माझ्या घरच्या माणसाच्या बाबतीत घडलेले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी माझ्या आत्याला घेऊन एका सहल कंपनीबरोबर जपानला गेले होते. आत्या 71 वर्षांची असून गेली चाळीस वर्षे तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी स्वतः मासे खाते, पण तिच्यासमोर ताटात मासा वाढून घेण्याचे धाडस मी कधी केलेले नाही. सहलीत जेवणाच्या वेळी वाटाड्या तिच्यासमोर उदोनचा वाडगा ठेवायला सांगायचा आणि ‘हे व्हेज आहे’ म्हणायचा. गव्हाच्या जाड शेवया, वर गोडसर तळलेल्या तोफूचा तुकडा आणि खाली सोनेरी रंगाचे पातळ सार. आत्याला ते सार फार आवडले. तीन दिवस ती ते चमच्याचमच्याने संपवत होती. ओसाकाला पोहोचलो त्या रात्री मी सहज त्या सारात काय असते म्हणून वाढणाऱ्या मुलीला विचारले, तेव्हा तिने अगदी सरळपणे ‘कोन्बू आणि कात्सुओ’ असे उत्तर दिले. कात्सुओ हा मासा आहे. आत्याने वाडगा बाजूला सरकवला, कुणालाही काही बोलली नाही, खोलीत जाऊन उशिरापर्यंत नाम घेत बसली आणि सकाळी फक्त पाणी प्यायली.

वाटाड्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. वरून पाहिले तर त्या वाडग्यात माशाचा तुकडा नसतोच. पण जपानी स्वयंपाकाचा पायाच ‘दाशी’ नावाच्या सारावर आहे, आणि ते बहुतेक वेळा दोन गोष्टींपासून होते: कोन्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी. कात्सुओ मासा उकडून, धुरावर वाळवून तो लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवतात आणि मग त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात, त्याला कात्सुओबुशी म्हणतात. उदोनचे सार, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेले सूप, भाज्यांचे उकडीव प्रकार, अंड्याची गुंडाळी, तेम्पुरा या भज्यांबरोबरचे बुडवायचे पाणी, ओकोनोमियाकी या कोबीच्या धिरड्याचे पीठ, या सगळ्यांत तो असू शकतो. दुकानातल्या काही तयार मिसोच्या डब्यांतही असतो. ओसाकाच्या भागात ओनिगिरीला, म्हणजे भाताच्या लाडवाला, मसाला लावलेली नोरी (समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ पापुद्रा) गुंडाळण्याची रीत आहे, आणि त्या मसाल्यातही माशाचा अर्क असू शकतो. जो माणूस लोकांकडून पैसे घेऊन त्यांना तिथे नेतो, त्याला हे माहीत असलेच पाहिजे आणि त्याने ते पहिल्या दिवशी, पहिल्या घासाआधी सांगितलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आमचा गट एका मनोरंजन उद्यानात जाणार होता. आम्ही दोघी मागे राहिलो. सकाळी आत्या म्हणाली, ‘‘अगं, त्या मुलीनं दोन नावं सांगितली होती ना? एक मासा, मग दुसरं काय?’’ त्या दुसऱ्या नावाच्या शोधात आम्ही बाहेर पडलो आणि आमचा सगळा दिवस त्यातूनच घडला.

तेन्जिनबाशिसुजी हा ओसाकातला छप्पर असलेला बाजाररस्ता आहे. जपानीत अशा रस्त्याला शोतेंगाइ म्हणतात. हा सुमारे 2.6 किलोमीटर लांब असून त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे 600 दुकाने आहेत. ओसाका तेनमांगू या देवळाच्या आश्रयाने तो वाढला. जुलैच्या 24 आणि 25 तारखांना भरणारा तेन्जिन उत्सव याच देवळाचा. परदेशी प्रवासी इथे तुलनेने कमी दिसतात. सायकलच्या टोपलीत कांद्याची पात घेऊन जाणाऱ्या आजी, चहाची पाने भाजणारे दुकान, जुनी पुस्तके, चष्मे, लोणची, पायमोजे असा सगळा नेमाने लागणारा माल तिथे असतो. छताखाली ऊन-पाऊस लागत नाही, वाटेत चढउतार नाही, त्यामुळे आत्याच्या गुडघ्यांनाही तो रस्ता झेपला.

तिथे एका लहानशा दुकानात कोन्बूच्या रुंद, काळपट हिरव्या पट्ट्या जाड कागदी दोऱ्याने बांधून रचून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर पांढरी भुकटी होती. आत्याला वाटले, बुरशी धरली आहे. दुकानदारीण बाईंनी भाषांतराच्या यंत्रावर सांगितले, की ही पांढरी भुकटी बुरशी नाही, ती शेवाळातूनच वर येते. पट्टी धुवायची नाही, ओल्या फडक्याने नुसती पुसायची. मग त्यांनी काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवलेल्या कोन्बूचे गार पाणी छोट्या पेल्यांत ओतून आमच्या पुढे केले. त्यात मीठ नव्हते, मसाला नव्हता, काही नव्हते. आत्याने तुळशीच्या माळेला हात लावून विचारले, ‘‘यात मासा नाही ना?’’ त्या बाईंना शब्द कळले नाहीत, हात मात्र कळला. त्यांनी बरणी उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरली: पाणी आणि एक पट्टी. आत्याने तो घोट घेतला आणि म्हणाली, ‘‘तीन दिवस मला जे आवडत होतं ना, ते हेच.’’

आत्याच्या जिभेने जे ओळखले, ते 1908 मध्ये तोक्योतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी प्रयोगशाळेत वेगळे काढले होते. कोन्बूच्या साराची चव गोड, आंबट, खारट आणि कडू या चारहीत बसत नाही म्हणून त्यांनी तिचा शोध घेतला, त्यांना ग्लुटामिक आम्ल सापडले आणि त्या चवीला त्यांनी ‘उमामी’ हे नाव दिले. म्हणजे शाकाहारी माणसाने त्या चवीपासून वंचित राहण्याचे काहीच कारण नाही. बौद्ध मठांतल्या ‘शोजिन’ स्वयंपाकात मासा घातलाच जात नाही, तिथली दाशी कोन्बूची आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची असते.

यातली खरी गंमत भूगोलाची आहे. कोन्बू ओसाकात उगवत नाही. तो येतो उत्तरेकडच्या होक्काइदोच्या थंड समुद्रातून. इदो काळात (1603 ते 1868), 17व्या शतकाच्या उत्तरार्धापासून, ‘कितामाएबुने’ नावाची व्यापारी जहाजे जपानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली येत, शिमोनोसेकीला वळसा घालून आतल्या समुद्रातून ओसाकाला पोहोचत आणि वाटेतल्या प्रत्येक बंदरात माल घेत-विकत येत. कोन्बू हा त्यांचा एक मोठा माल होता. ओसाकाने त्यातला जाड, गोडसर ‘माकोन्बू’ आपला मानला, तर शेजारच्या क्योतोने ‘रिशिरी’ जातीचा. याच काळात देशभरच्या सरदारांचा तांदूळ ओसाकाच्या वखारींत येऊन विकला जाई. ओसाकातल्या दोजिमाच्या तांदूळबाजाराला 1730 मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने मान्यता दिली आणि तिथे पुढच्या तारखेचे सौदे होऊ लागले. जगातल्या पहिल्या वायदेबाजारांत त्याची गणना होते. ‘देशाचे स्वयंपाकघर’ ही ओसाकाची जुनी ओळख या वखारींमुळे आहे. ‘क्योतोचा माणूस कपड्यांपायी धुळीला मिळतो, ओसाकाचा खाण्यापायी’ अशी तिथे म्हण आहे आणि त्या खाण्यापायी धुळीला मिळण्याला ‘कुइदाओरे’ असा एकच शब्द आहे.

त्या बाईंनी आणखी एक उपकार केला. त्यांनी एक वाक्य आमच्याकडून घोकून घेतले आणि जपानी लिपीत एका कागदावर लिहूनही दिले. ते मी इथे मुद्दाम देते, वाचकांनी उतरवून ठेवावे: ‘निकु मो, साकाना मो, कात्सुओदाशि मो ताबेमासेन’, म्हणजे मांसही नाही, मासाही नाही, कात्सुओची दाशीही आम्ही खात नाही. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटले तर समोरचा माणूस वरचे मांस काढून ठेवतो आणि सार तसेच देतो. ‘दाशी’ हा शब्द उच्चारला की तो थांबतो, आत जाऊन विचारून येतो आणि चालणार नसेल तर हात जोडून नाही म्हणतो. त्या दिवशी आम्हाला तीन ठिकाणी असे नाही म्हटले गेले आणि तिन्ही वेळा मला त्या माणसांबद्दल आदरच वाटला. चौथ्या ठिकाणी, ओनिगिरीच्या एका टपरीवजा दुकानात, वयस्कर गृहस्थांनी तो कागद नीट वाचला, मसाल्याची नोरी बाजूला ठेवली, साधी कोरडी नोरी काढली आणि फक्त मीठ लावलेल्या गरम भाताचे दोन त्रिकोण वळून दिले. त्यावर पलीकडच्या गाड्यावरचे भाजलेले रताळे. हेच आत्याचे त्या दिवशीचे जेवण, आणि ती ते मिटक्या मारत जेवली.

कुरोमोन बाजाराविषयी थोडक्यात लिहिते. मासे, खेकडे, फळे, लोणची यांचा हा शहरातला जुना बाजार सुमारे 580 मीटर लांब आहे. आज तिथे परदेशी प्रवाशांची एवढी गर्दी असते, की काड्यांना टोचून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांचे भाव ऐकून मी दोनदा मागे फिरले. मासे खाणाऱ्यांनी तिथे जरूर जावे, परंतु आधी भाव वाचावा, घेतलेले त्याच दुकानासमोर उभे राहून संपवावे आणि काडी व कागद त्याच दुकानदाराला परत द्यावेत, कारण रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या जवळजवळ नसतात आणि चालत चालत खाणे तिथल्या लोकांना रुचत नाही. नोव्हेंबरात आसपासच्या वाकायामा आणि नाराकडची काकी ही नारिंगी फळे येतात. आत्याने एक पिकलेले काकी घेतले आणि दुकानदाराने तिथल्या तिथे सोलून, फोडी करून दिल्या.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर दोगुयासुजी ही भांड्यांची गल्ली आहे. लांबी जेमतेम 150 मीटर, परंतु ओसाकातल्या हॉटेलवाल्यांची सगळी खरेदी इथे होते: ताकोयाकी या गोल गोळ्यांसाठीचे खळग्यांचे तवे, कापडी पडदे, कागदी कंदील, काचेमागे मांडायच्या खोट्या पदार्थांचे हुबेहूब नमुने आणि सुऱ्या. ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेले साकाई शहर सुऱ्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. तंबाखूची पाने कापण्याच्या तिथल्या सुऱ्या इतक्या चांगल्या होत्या, की इदो काळात शोगुनच्या सरकारने त्यांवर साकाईचा खास शिक्का उमटवण्याची परवानगी दिली. तिथे आजही एक माणूस पाते घडवतो, दुसरा धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. ज्याचे काम त्याने करायचे. सकाळी पाहिलेल्या कोन्बूचाही साकाईशी संबंध आहे: व्हिनेगरात भिजवलेल्या कोन्बूचे हाताने रेशमासारखे पापुद्रे काढून ‘ओबोरो कोन्बू’ करण्याचा धंदा साकाईत वाढला, कारण तेवढी पातळ धार देणारी पाती तिथेच होती.

आत्या डावखुरी आहे. आयुष्यभर तिने उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेल्या वस्तू वापरल्या आहेत. आम्ही भाजीची सुरी मागितली तेव्हा त्या दुकानातल्या तरुणाने आधी तिच्यापुढे कागद ठेवला आणि त्यावर पेन्सिलीने रेघ मारायला सांगितली. तिने डाव्या हाताने मारली. त्याने मांडून ठेवलेल्या ‘उसुबा’ बाजूला सारल्या. त्यांची धार एकाच बाजूने असते, आणि ती उजव्या हाताची असते. डाव्या हाताची वेगळी घडवून घ्यावी लागते आणि महाग पडते. मग त्याने दोन्ही बाजूंनी धार असलेली, चौकोनी पात्याची ‘नाकिरी’ काढली, जी कोणत्याही हाताने चालते. मुळा आणून तिच्याकडून चिरून घेतला. पोलादी पाते गंजते म्हणून वापरल्यावर लगेच पुसून कोरडे ठेवायचे, हे त्याने तीनदा सांगितले. शेवटी पात्यावर तिचे नाव जपानी अक्षरांत कोरून दिले. हातोडीचे ते बारीक टकटक ऐकत आत्या स्टुलावर बसून होती आणि तिचे लक्ष त्याच्या बोटांवरून हलले नाही.

खरेदीविषयी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते. सुरी बंद खोक्यातच ठेवावी, वाटेत उघडू नये आणि विमानात सोडायच्या मोठ्या सामानातच घालावी. जपानमध्ये कारणाशिवाय पाते जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. उपभोग कर 10 टक्के आहे, परंतु खाण्याचे पदार्थ बांधून नेले तर 8 टक्के आणि तिथेच बसून खाल्ले तर 10 टक्के लागतो, म्हणून दुकानात ‘इथे खाणार का’ असे विचारतात. परदेशी प्रवाशाने एका दुकानात एका दिवशी कर सोडून 5,000 येन किंवा अधिकची खरेदी केली आणि पासपोर्ट दाखवला तर करमाफी मिळते. मात्र 1 नोव्हेंबर 2026 पासून दुकानात पूर्ण कर भरून, देश सोडताना विमानतळावर तपासणी झाल्यावर तो परत मिळण्याची पद्धत लागू होते, हे पुढे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बक्षिशी देऊ नये. पैसे हातात न देता समोरच्या तबकात ठेवावेत.

दुपारी होझेनजी या लहान देवळाच्या दगडी बोळात गेलो. तिथल्या फुदो देवाच्या मूर्तीवर येणारा प्रत्येक जण ओगराळ्याने पाणी घालतो, त्यामुळे मूर्ती नखशिखांत हिरव्या शेवाळाने मढली आहे. आत्याने पाणी घातले. शेजारीच ‘मेओतो झेन्झाइ’ मिळते. ‘मेओतो’ म्हणजे जोडपे. लाल अझुकी डाळीचे गोड सार आणि त्यात तांदळाच्या पिठाचा मऊ गोळा, पण एका माणसालाच दोन वाडग्यांत वाढतात. त्यात दाशी नसते. सोबत तोंडाची चव बदलायला खारवलेल्या कोन्बूचे चिमूटभर तुकडे होते. फुफाजी जाऊन सहा वर्षे झाली आहेत. आत्याने दुसरा वाडगा बराच वेळ समोर तसाच ठेवला आणि मग सावकाश संपवला.

दोतोनबोरीचा कालवा तिथून दोन मिनिटांवर आहे. त्याचे काम 1612 मध्ये सुरू झाले आणि 1615 मध्ये पुरे झाले. तिथल्या ‘ग्लिको’ या खाऊच्या कंपनीच्या जाहिरातीतली, धावणाऱ्या माणसाची पहिली पाटी 1935 सालची, आजची तिथली सहावी. फोटो काढायला आम्हाला पाच मिनिटे पुरली. तिथे मी एकटीने आठ ताकोयाकी खाल्ल्या. ऑक्टोपसचा तुकडा घातलेल्या या गोल गोळ्यांचा जन्मही 1935 च्या ओसाकातला. आत्या पुलाच्या कठड्याशी पाठ करून उभी राहिली, ‘‘तू खा निवांत’’ म्हणाली.

संध्याकाळी उमेदा या ओसाकातल्याच रेल्वे स्थानकाच्या भागात गेलो. तिथले हानक्यू हे डिपार्टमेंट स्टोअर रेल्वेचे उद्योजक इचिझो कोबायाशी यांनी 1929 मध्ये आपल्या रेल्वेच्या शेवटच्या स्थानकावरच उघडले. मंदीच्या दिवसांत लोक तिथल्या भोजनगृहात फक्त भात मागवत आणि टेबलावरचा सॉस वर ओतून खात. त्यांना हाकलण्याऐवजी कोबायाशींनी ‘फक्त भात घेणाऱ्यांचे स्वागत आहे’ असे जाहीर केले. आज तळघरात खाद्यपदार्थांचे मोठे दालन आहे. तिथे आम्ही योकान ही गोड वडी घेतली: अझुकी, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेला कान्तेन, यात जिलेटिन नसते, आणि टिकतेही. विकणाऱ्या मुलीने वेष्टनावरच्या घटकांवर एकेक बोट ठेवून आत्याला दाखवले.

संपादक महोदय, माझी मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी जपानवर लिहिताना दाशीचा परिच्छेद असावा, आणि वर दिलेले वाक्य चौकटीत छापावे. सहल कंपन्यांनी आपल्या वाटाड्यांना ते पाठ करायला लावावे, आणि माळकरी, जैन किंवा अन्य व्रतस्थ प्रवाशांना निघण्यापूर्वीच लेखी कळवावे, की उदोनचे सार सहसा शाकाहारी नसते. आमच्या कंपनीला मी दोन पत्रे लिहिली. उत्तर आलेले नाही. नव्या माहितीपत्रकात ‘शाकाहारी उदोन’ अजून आहे.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत आत्याने काचेच्या पेल्यात बोटभर कोन्बू भिजत घातला आणि वर बशी झाकली. सकाळी निघण्याआधी ते पाणी तिने किटलीत कोमट केले, उरलेला भात त्यात घालून खाल्ला आणि कोन्बूचे पाकीट सुरीच्या खोक्याशेजारी पेटीत नीट लावले.

आपली नम्र,
एक नियमित वाचक